लेकीच्या अभ्यासिकेबद्दल, आणि तिथल्या शनिवारच्या चर्चेबद्दल

लेकीची फी भरायला गेलो आणि दीड तास अडकलो. अभ्यासिका सोलापुरात, नवी पेठेच्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावर. नाव लिहीत नाही, लेक अजून तिथंच बसते. महिना ९०० रुपये, लॉकरचं डिपॉझिट ५०० वेगळं. साठेक टेबलं, मधे प्लायचे आडोसे, दोन कूलर. एप्रिलात दुपारी एक ते चार हे कूलर फक्त आवाज करतात, हे आधीच सांगून ठेवतो. मुलींची रांग खिडकीकडे, ती बरी. जिन्यात रात्री दिवा असतो, बापाच्या नजरेला हे आधी दिसतं.

पण लिहायला बसलो ते शनिवारच्या चर्चेसाठी. संध्याकाळी सहाला गच्चीवर सतरंजी टाकतात, एक विषय घेतात, पालक मागं बसले तरी कोणी उठवत नाही. त्या दिवशीचा विषय : क्यूबाच्या किनाऱ्यावरचा ग्वांटानामोचा नाविक तळ अमेरिकेनं क्यूबाला परत द्यावा का? मी ३१ वर्षं कोर्टात बेलिफ होतो. ताबा घेणं आणि ताबा देणं, जन्म त्यातच गेला. बसलो.

चर्चा घेणाऱ्या सरांची मांडणी नेटकी होती. १८९८ ला क्यूबावरून अमेरिकेची स्पेनशी लढाई, मग १९०३ ला क्यूबाशी करार : जहाजांना कोळसा भरायला आणि आरमाराला जागा, भाडं वर्षाला २,००० डॉलर, तेही सोन्याच्या नाण्यांत. १९३४ च्या तहात कलम असं की दोघं मिळून ठरवतील तेव्हा, नाहीतर भाडेकरू स्वतः उठून जाईल तेव्हाच करार संपणार. मुदत नाहीच. आता चेक निघतो ४,०८५ डॉलरचा. जागा समुद्र धरून ११७ चौरस किलोमीटर. मागच्या ओळीतला एक पोरगा शेजाऱ्याला म्हणाला, "काय सांगलालास बे, महिन्याला जेमतेम तीस हजार? मामाच्या गाळ्याला तेवढं भाडं आहे."

मग चेकची गोष्ट निघाली. १९५९ ला क्यूबातल्या क्रांतीनंतर पहिला चेक गडबडीत वटला. पुढचे क्रांतीचा नेता फिडेल कास्त्रोनं वटवलेच नाहीत, टेबलाच्या खणात टाकून दिले. माझ्या डोळ्यासमोर आमच्या कोर्टातली एक केस आली. मालक भाडं घेईना, म्हणून भाडेकरू दर महिन्याला मनिऑर्डर करायचा, आणि 'घेण्यास नकार' असा शेरा घेऊन ती परत यायची. त्यानं ती सगळी चवड रबरबँड लावून आणली होती. साहेबांनी मला मोजायला लावली. एकशे बारा. मालकाला वाटतं आपण भाडं घेतलं नाही म्हणजे भाडेकरू नाहीच. तसं नसतं. आणि एक जरी वटला असेल तर समोरचा वकील तेवढाच कागद वर करून दाखवतो. अमेरिकाही तेच करते.

मला राहवलं नाही. म्हटलं, आपल्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात, जागा ज्या कारणासाठी दिली त्यासाठी सबळ कारणाशिवाय सलग सहा महिने वापरली नाही तर ताबा मागता येतो. कोळसा कुठाय तिथं आता? २००२ पासून दहशतवादाच्या संशयितांसाठी तुरुंग चालवलाय, ७८० च्या आसपास माणसं आणली. पुढच्या ओळीतली चष्मेवाली पोरगी वळली, "काका, करारात कोळसा किंवा नाविक तळ असं आहे. नाविक तळ आहेच की." गप्प झालो. मग तीच म्हणाली, "पण इतर कोणत्याही कारणासाठी नाही, असंही आहे." असली पोरं समोर असली की ९०० रुपये जास्त वाटत नाहीत.

सरांनी वऱ्हाडचं उदाहरण काढलं, ते फार आवडलं. १९०२ ला कर्झननं निजामाकडून वऱ्हाड कायमच्या भाडेपट्ट्यानं घेतलं, वर्षाला २५ लाख. मालकी निजामाचीच, कारभार सगळा इंग्रजांचा. ग्वांटानामोत एका वर्षानं हेच झालं : सार्वभौमत्व क्यूबाचं, पूर्ण ताबा अमेरिकेचा.

कमी पडलं ते शेवटी. सर 'नैतिकदृष्ट्या परत द्यावा' म्हणाले आणि थांबले. अहो, पण द्यायचा कसा? पनामा कालवा पनामाला परत द्यायचा अमेरिकेचा करार १९७७ ला झाला, ताबा १९९९ च्या शेवटच्या दिवशी. तेही बोलचाल होती म्हणून. इथं मालक आणि भाडेकरू एकमेकांचं तोंड बघत नाहीत. १९९६ च्या अमेरिकी कायद्यात तर तळाबद्दल बोलणी लोकशाहीनं निवडून आलेल्या क्यूबाच्या सरकारशीच, असं धोरण लिहून ठेवलंय. कुंपणाच्या क्यूबाकडच्या अंगाला सुरुंग. आत २०२५ च्या सुरुवातीला पंधरा कैदी उरलेले. घरात माणूस असताना मी कधी ताबा पावती केली नाही. आधी सामान बाहेर, मग पंच, मग कुलूप.

१९६४ ला कास्त्रोनं तळाचं पाणी तोडलं होतं. ही गोष्ट चर्चेत आलीच नाही, आणि तीही जिथं वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांआड नळ आला त्या सोलापुरात! मालकाचं पहिलं हत्यार नेहमी नळच. तेव्हा पाणी चोरल्याचा आरोप आला म्हणून तळाच्या अधिकाऱ्यानं पाइप कापून दाखवला, आणि पुढं समुद्राचं पाणी गोडं करायचा कारखाना बसवला. आता भाडेकरूनं स्वतःची बोअर मारल्यावर मालक काय करणार?

पाचपैकी साडेतीन. अर्धा कूलरमुळं गेला, एक डिपॉझिटमुळं. पावतीवर छापलंय, 'संस्थेच्या सोयीनुसार परत'. मी ते खोडून 'लॉकर सोडल्यापासून १५ दिवसांत' असं लिहिलं आणि खाली मॅनेजरची सही घेतली. कुरकुरला, पण केली. तुम्हीही घ्या. शनिवारी सतरंजीवर जागा हवी असेल तर पावणेसहालाच या, आणि पाण्याची बाटली घरून आणा.