कार सीट घेताना: कॅरियर, कन्व्हर्टिबल की ‘0 ते 12’?

दुकानात मुलांच्या कार सीटचे तीन बॉक्स शेजारीशेजारी ठेवलेले असतात. एकावर ‘0 ते 15 महिने’, दुसऱ्यावर ‘0 ते 4 वर्षं’, तिसऱ्यावर ‘0 ते 12 वर्षं’. बरेच आईबाबा तिसऱ्याकडे वळतात. एकदा पैसे घातले की बारा वर्षं बघायला नको, असा साधा हिशेब असतो. माझं मत मधल्या बॉक्सच्या बाजूने आहे: बहुतेक घरांनी कन्व्हर्टिबल सीट (आधी मागे, नंतर पुढे तोंड करून बसवता येणारी) घ्यावी आणि मूल मोठं झाल्यावर वेगळा, पाठ असलेला बूस्टर (गाडीचा बेल्ट नीट बसावा म्हणून मुलाला उंच करणारं आसन). काही घरांना मात्र पहिला किंवा तिसरा बॉक्सच जास्त सोयीचा पडेल. ती घरं कोणती, तेही सांगतो.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की करा. बॉक्सवरचं वय हा सगळ्यांत कच्चा आकडा आहे. सीट बनते किलो आणि सेंटिमीटरवर. आपल्याकडे मिळणाऱ्या बऱ्याच सीट युरोपच्या आर44 नियमाप्रमाणे बनलेल्या असतात (भारताचं एआयएस-072 हे मानकही त्याच धर्तीचं आहे) आणि त्यात वजनाचे गट आहेत: 13 किलोपर्यंत गट 0+, 9 ते 18 किलो गट 1, 15 ते 25 किलो गट 2, 22 ते 36 किलो गट 3. आता जागतिक आरोग्य संघटनेचा वाढीचा तक्ता शेजारी ठेवा. मध्यम वाढीचं मूल 13 किलोला पोचतं साधारण अडीच वर्षांनंतर, 15 किलोला साडेतीनच्या आसपास आणि 18 किलोला पाच वर्षांचं होताना. आपल्याकडची कितीतरी निरोगी मुलं या मध्यम रेषेच्या खाली असतात, म्हणजे तीच वजनं त्यांना आणखी काही महिन्यांनी गाठता येतात. चार वर्षांचं मूल 14 किलोचं असेल तर ‘4+’ लिहिलेला बूस्टर त्याच्यासाठी अजून मोठाच आहे, बॉक्स काहीही म्हणो. लसीकरणाच्या कार्डावर वजन-उंची लिहिलेली असते. सीट घ्यायला जाताना त्याचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या.

मांडीवर का नको

घरात हा प्रश्न निघतोच. आजी म्हणते, “माझ्या मांडीवर बसेल की, मी घट्ट धरते.” आजीच्या मायेला इथे कुणीच आव्हान देत नाही, पण हिशेब करून पाहू. गाडी ताशी 50 किलोमीटरने चालली आहे आणि धडकेत एक दशांश सेकंदात थांबली. तेवढ्या वेळात 10 किलोच्या बाळाला धरून ठेवायला जवळपास 140 किलो वजन पेलण्याइतकी ताकद लागते. ती कुणाच्याच हातात नसते. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर ताशी 100 ला गेलात तर धडकेची ऊर्जा चौपट होते. स्वतःच्या बेल्टमध्ये बाळालाही गुंडाळून घेणं तर त्याहून वाईट, कारण मग मोठ्या माणसाचं सगळं वजन बाळावर येतं. कायदाही आता स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 194 ब प्रमाणे 14 वर्षांखालचं मूल बेल्टशिवाय किंवा बाल-सीटशिवाय गाडीत असेल तर 1,000 रुपये दंड आहे.

तोंड मागे की पुढे

तिन्ही बॉक्सची खरी तुलना इथे ठरते. बाळाचं तोंड मागच्या काचेकडे असेल, म्हणजे सीट रिअर-फेसिंग बसवली असेल, तर समोरून धडक झाल्यावर डोकं, मान आणि पाठ तिन्ही एकाच वेळी सीटच्या पाठीत दाबली जातात. जोर पसरतो. तोंड पुढे असेल तर धड पट्ट्यांनी अडतं आणि डोकं एकटं पुढे फेकलं जातं. नवजात बाळाचं डोकं शरीराच्या लांबीच्या जवळपास एक चतुर्थांश असतं आणि मानेचे मणके अजून पुरते हाडाचे झालेले नसतात. त्या मानेवर हा झटका घेऊ द्यायचा नाही, इतकंच यामागचं शास्त्र आहे. स्वीडनमध्ये संशोधक बर्टिल आल्डमन यांनी 1964 मध्ये मागे तोंड असलेली सीट व्होल्वोच्या गाडीत तपासली होती. तिची कल्पना त्यांना झोपलेल्या स्थितीत उड्डाण करणाऱ्या अंतराळवीरांच्या आसनांवरून सुचली. आजही तिथली मुलं चार वर्षांपर्यंत मागे तोंड करून बसतात.

आर44 प्रमाणे 9 किलोला सीट पुढे वळवता येते. मध्यम वाढीच्या मुलाचं हे वजन वर्षाच्या आतबाहेर होतं आणि तेव्हा वळवणं फार लवकर आहे. नंतर आलेल्या आर129 नियमाने, ज्याला आय-साइझ म्हणतात, किमान 15 महिन्यांची अट घातली. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तर 2018 पासून वयाची अटच काढली आणि सीटची रिअर-फेसिंग मर्यादा संपेपर्यंत तसंच बसवा, असं सांगितलं. पाय दुमडतात म्हणून लोक घाई करतात. पाय दुमडले तरी मुलं मजेत मांडी घालून बसतात. सीट खरी लहान पडते ती मुलाचं वजन मर्यादेला पोचल्यावर किंवा डोकं सीटच्या वरच्या कडेला टेकल्यावर.

एक नियम मात्र कधीच मोडायचा नाही: एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर मागे तोंड असलेली बाल-सीट लावायची नाही. उघडणारी एअरबॅग थेट बाळाच्या डोक्यामागे असलेल्या सीटच्या पाठीवर आदळते.

पहिला बॉक्स: वर हँडल असलेला बेबी कॅरियर

साधारण चार-पाच हजारांपासून मिळतो आणि 13 किलोपर्यंत चालतो, पण उंचीमुळे बहुतेक बाळं वर्ष-सव्वा वर्षातच त्यातून बाहेर येतात. नवजात बाळाला याच्याइतकी नीट दुसरी सीट क्वचितच बसते. टोपलीचा आकार लहान, कोन बाळाला साजेसा, आणि झोपलेलं बाळ सीटसकट उचलून घरात आणता येतं. ज्यांची स्वतःची गाडी नाही आणि दवाखान्याला किंवा माहेरी टॅक्सीने जावं लागतं, त्यांना हाच सर्वांत उपयोगी, कारण तो नुसत्या बेल्टने मिनिटभरात बसतो. अडचण एकच: टॅक्सीत मागच्या बेल्टची बकलं बहुतेकदा सीट कव्हरखाली गाडलेली असतात. गाडी येताच आधी ती वर काढून द्यायला सांगा आणि मगच सामान ठेवा. छोट्या हॅचबॅकमध्ये कधी बेल्टच अपुरा पडतो, कारण तो कॅरियरला मागून वळसा घालून यावा लागतो. घेण्याआधी आपल्या गाडीत लावून पाहणं म्हणूनच गरजेचं.

घरात आणल्यावर त्यातच तासन् तास झोपवू नका. गाडीतही सलग दोन तासांपेक्षा जास्त नको, कारण हनुवटी छातीवर टेकली की लहान बाळाचा श्वास अडू शकतो. पुण्याहून कोल्हापूर म्हणजे सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. वाटेत साताऱ्याच्या आसपास थांबून बाळाला बाहेर काढून आडवं झोपवायचंच, वेळ लागला तर लागला.

दुसरा बॉक्स: कन्व्हर्टिबल

सहा-सात हजारांपासून पंचवीस-तीस हजारांपर्यंत. जन्मापासून मागे तोंड, पुढे मूल मोठं झाल्यावर पुढे तोंड, आणि सगळा वेळ सीटच्याच पाच पट्ट्यांचा हार्नेस. स्वस्त मॉडेल बहुतेक 13 किलोपर्यंतच मागे तोंड ठेवतात, महागड्यांपैकी काही 18 किलोपर्यंत. मला विचाराल तर जास्तीचे पैसे याच एका गोष्टीवर खर्च करावेत. कप होल्डर आणि 360 अंशात फिरणारी सीट छान वाटते, पण तिने मान वाचत नाही. फिरणारी सीट पाठदुखी असलेल्या आजी-आजोबांना बाळ आत ठेवताना मात्र खरंच बरी पडते. ज्या घरात दिवसभर बाळाची ने-आण त्यांच्याकडे आहे, तिथे तो खर्च सार्थकी लागतो.

उणीवही आहे. ही सीट जड असते आणि गाडीत कायम राहते. मागे तोंड करून बसवली की तिची मागची बाजू पुढच्या सीटला भिडते. वॅगनआर किंवा तशा लहान गाडीत पुढच्या सीटवरच्या उंच माणसाचे गुडघे डॅशबोर्डला लागू शकतात. उपाय: सीट डाव्या बाजूला, सहप्रवाशाच्या मागे लावा. बाळाला चढवतानाही रस्त्याच्या नव्हे, फुटपाथच्या बाजूला उभं राहता येतं. नवजात बाळासाठी आत वेगळी उशी असते. ती काढून टाकू नका आणि बाजारातली दुसरी कुठलीही उशी घालू नका. पट्ट्या मागे तोंड असताना खांद्याच्या पातळीवर किंवा जरा खाली, पुढे तोंड केल्यावर पातळीवर किंवा जरा वर असायला हव्यात.

तिसरा बॉक्स: ‘0 ते 12’

याच्या बाजूने एकच जमेची गोष्ट आहे, एकच खरेदी. प्रत्यक्षात 3 किलोचं बाळ आणि 36 किलोचं मूल एका साच्यात बसवताना दोन्ही टोकांना तडजोड होते. नवजातासाठी साचा सैल आणि कोन उभा, आणि सात-आठ वर्षांच्या मुलासाठी पाठ अरुंद. शिवाय बारा वर्षं तीच सीट म्हणजे बारा उन्हाळे. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत प्लॅस्टिक आणि पट्टे जुने होतात, म्हणून बऱ्याच कंपन्या सहा ते दहा वर्षांनंतर सीट वापरू नका असं लिहितात. तारीख सीटच्या तळाशी किंवा मागे छापलेली असते. मग बारा वर्षांचा हिशेब कसा जमणार? दोन मुलांत चार-पाच वर्षांचं अंतर असलेल्या आणि वरचेवर गाडी न काढणाऱ्या घरांना, जिथे मूल वर्षापुढचं आहे, तिथे हा बॉक्स चालून जाईल. नवजातासाठी तो घेऊ नये.

बूस्टर कधी

15 किलोच्या आधी नाही, आणि शक्य असेल तर 18 च्या आसपास. हार्नेस बसतोय तोवर त्यातच राहू द्या. बूस्टरचं काम एकच: मुलाला उंच करून गाडीचा बेल्ट खांद्याच्या मध्यावरून आणि कमरेच्या हाडांवरून नेणं. बेल्ट पोटावर राहिला तर धडकेत तो मऊ भागात रुततो. पाठ नसलेला बूस्टर स्वस्त आणि टॅक्सीत न्यायला सोपा, पण झोपलेलं मूल कलंडलं की बेल्ट सरकतो, आणि बाजूने धडक झाली तर डोक्याला कसलाच आधार नसतो. 2017 पासून युरोपात पाठ नसलेल्या नव्या बूस्टरला 125 सेंटिमीटर आणि 22 किलोच्या पुढच्या मुलांसाठीच मान्यता मिळते. पाठवाला घ्या. तो कधी सोडायचा? ब्रिटनमध्ये 135 सेंटिमीटर किंवा 12 वर्षं असा नियम आहे, जर्मनीत 150 सेंटिमीटर किंवा 12 वर्षं. मुलाची पाठ मागे टेकली असताना गुडघे सीटच्या कडेवर वाकत असतील आणि बेल्ट मानेला न घासता खांद्यावर येत असेल, तर वेळ आली.

बेल्ट की आयसोफिक्स

आयसोफिक्स म्हणजे मागच्या सीटच्या फटीत असलेल्या दोन लोखंडी कड्या. त्यांच्यात 280 मिलिमीटरचं अंतर असतं आणि बाल-सीटचे दोन हात त्यात खट्कन अडकतात. नीट लावलेला बेल्ट धडकेत कमी पडतो असं नाही. फरक असा की बेल्टने लावताना चुका सहज होतात, आयसोफिक्सने फार कमी. म्हणून गाडीत कड्या असतील तर आयसोफिक्सचीच घ्या. त्या बहुधा मागच्या दोन टोकांच्या जागांनाच असतात, आणि आपल्याकडे लोक लावतात त्या जाड लेदरेट कव्हरखाली त्या पार झाकल्या जातात. कव्हरला तिथे चीर हवी. सीटला जमिनीवर टेकणारा पाय असेल तर तो जाड गुबगुबीत मॅटवर नको, थेट घट्ट जमिनीवर टेकला पाहिजे.

बेल्टने लावणार असाल तर सीटवरच्या खुणा पाहा: आर44 सीटवर मागे तोंड असताना निळा मार्ग, पुढे तोंड असताना लाल. लावून झाल्यावर बेल्ट जिथून जातो तिथे धरून हलवा. अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त हलली तर पुन्हा लावा. हार्नेस इतका ताठ असावा की खांद्यावर पट्टी चिमटीत धरता येऊ नये.

नियमाची खूण म्हणजे नारिंगी लेबल आणि गोलातला ई. ‘आर129’ लिहिलेलं दिसलं तर ती निवडा, कारण त्यात बाजूच्या धडकेचीही चाचणी असते, जी आर44 मध्ये नव्हती. युरोपियन युनियनमध्ये 1 सप्टेंबर 2024 पासून आर44 सीटची विक्री बंद झाली आहे. आपल्याकडे त्या अजून दिसतात आणि नीट लावलेली आर44 सीट मांडीपेक्षा कितीतरी सुरक्षित आहे.

नवी गाडीही घ्यायची असेल तर भारत एनकॅपच्या (गाड्यांच्या धडक-चाचणीच्या) अहवालात मुलांचे गुण वेगळे दिलेले असतात, 49 पैकी. चाचणीत कोणती बाल-सीट वापरली तेही त्यात असतं. त्या गाडीत बसते हे आधीच तपासलेली सीट म्हणून ती पहिली बघावी.

अमेरिकेहून सुट्टीला येणारी मुलं असतील तर त्यांनी तिकडची सीट आणली तरी चालते, पण तिथल्या बऱ्याच सीट मागचा बेल्ट खेचल्यावर त्याच लांबीला लॉक होतो असं गृहीत धरतात आणि इथल्या गाड्यांचे बेल्ट सहसा तसे नसतात. अशी सीट तिच्या लॅच पट्ट्यांनी (सीटच्याच हुकवाल्या पट्ट्यांनी) आयसोफिक्सच्या कड्यांना अडकवावी, किंवा तिला स्वतःचा बेल्ट-लॉक आहे का ते निघण्याआधीच पाहून ठेवावं.

वापरलेली सीट फक्त घरच्या माणसाकडून, जिला कधी अपघात झाला नाही हे तुम्हाला पक्कं माहीत आहे, आणि तारीख पाहूनच. ऑनलाइन मागवणार असाल तर परत घेण्याची मुदत वाचा आणि त्याच आठवड्यात ती आपल्या गाडीत, आपल्या मुलासकट लावून बघा.