पेट स्ट्रोलरच्या नावाखाली गेलेले ₹21,398

एकूण ₹21,398 गेले. त्यांपैकी ₹2,399 पेट स्ट्रोलरचे, म्हणजे कुत्र्यामांजरांना फिरवण्याच्या बाबागाडीचे, आणि ₹18,999 ते ₹2,399 परत मिळवून देण्याच्या नावाखाली उकळलेले. आकडे मुद्दाम आधी लिहिले आहेत, म्हणजे ज्यांना हसायचे आहे त्यांनी इथेच हसून घ्यावे. "कुत्र्याला कशाला हवी गाडी?" हा प्रश्न मी पोलीस ठाण्यापासून सासुरवाडीपर्यंत सगळीकडे ऐकला आहे.

गाडी हवी होती, कारण आमची राणी बारा वर्षांची आहे आणि तिच्या मागच्या पायांचे सांधे धरले आहेत. पशुवैद्यांनी सांगितले की तिला चालवून दमवू नका, पण घरात कोंडूनही ठेवू नका. खानदेशात एप्रिल-मे महिन्यांत पारा 44-45 अंशांवर जातो, आणि सकाळचे नऊ वाजले की डांबरी रस्त्यावर माणसालाही अनवाणी पाय ठेववत नाही, मग मुक्या जनावराने काय करावे? जिल्ह्याच्या ठिकाणी पाळीव प्राण्यांच्या सामानाचे एक दुकान आहे. तेथे विचारल्यावर, "शिल्लक नाही, मुंबईहून मागवून देऊ, ₹6,800 पडतील," असे उत्तर मिळाले. निवृत्तिवेतनावर घर चालवणाऱ्या माणसाने याहून स्वस्त काही मिळते का हे पाहणे हा काही गुन्हा नव्हे.

आणि मी डोळे झाकून खरेदीला निघालो नव्हतो, हेही नोंदवून ठेवतो. राणीला भुसार दुकानातल्या काट्यावर ठेवून तिचे वजन केले, ते 9 किलो 200 ग्रॅम भरले. ती आडवी पडलेली असताना नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत टेपने मोजले, ते 52 सेंटिमीटर आले. गाडीची वजन पेलण्याची मर्यादा कुत्र्याच्या वजनापेक्षा चांगली जास्त असावी, मागच्या दोन्ही चाकांना ब्रेक असावा, चारही बाजूंनी वारा खेळेल अशी जाळी असावी, आणि आत एक आखूड पट्टा असावा, जो कुत्र्याच्या गळपट्ट्याला नव्हे तर छातीपट्ट्याला अडकवायचा असतो, कारण गळपट्ट्याला अडकवला आणि जनावराने उडी मारली तर फास बसतो, एवढे सगळे मी वाचून ठेवले होते. आमच्याकडच्या खडी उघड्या पडलेल्या रस्त्यांवर लहान प्लास्टिकची चाके उपयोगाची नाहीत, हे तर कोणी सांगायला नको. इतकी तयारी करणारा माणूस फसतो, याचा अर्थ ज्यांनी एवढीही तयारी केलेली नाही त्यांनी जास्त सावध राहावे.

समाजमाध्यमावर जाहिरात आली. मूळ किंमत ₹8,999, सवलतीत ₹2,499, आणि आगाऊ पैसे भरल्यास आणखी ₹100 कमी. खाली उलटे धावणारे घड्याळ आणि "फक्त 3 नग शिल्लक" अशी लाल पाटी. पान बंद करून पुन्हा उघडले की ते घड्याळ नव्याने सुरू होत होते, हे मी नंतर तपासले. आधी का तपासले नाही, असे विचारणाऱ्यांनी स्वतः कधी एखादे घड्याळ तपासले आहे का, तेही सांगावे.

पहिल्या छायाचित्रातल्या गाडीला चार चाके होती आणि तिसऱ्या छायाचित्रातल्या गाडीला तीन. वजनाची मर्यादा वरती 15 किलो लिहिली होती आणि खालच्या तक्त्यात 50 किलो. मला वाटले, दोन प्रकारच्या गाड्या असतील. विक्रेत्याचा पत्ता कुठेच नव्हता, केवळ एक व्हॉट्सअ‍ॅप क्रमांक होता. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ऑनलाइन विक्री चालवणाऱ्याने आपले कायदेशीर नाव, मुख्य कार्यालयाचा पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव व संपर्क स्पष्ट दाखवणे बंधनकारक आहे, आणि त्या अधिकाऱ्याने तक्रारीची पोच 48 तासांत द्यायची असते. ज्या पानावर यातले काही नाही, ते पान तिथेच बंद करा.

परंतु सावध होण्याची खरी वेळ नंतरची होती, आणि तिच्याबद्दल मी आजही रात्री जागा होतो. यूपीआयने पैसे भरताना पिन टाकण्याआधी पैसे घेणाऱ्याचे बँकेत नोंदलेले नाव पडद्यावर येते. तेथे पेट, पॉज, स्ट्रोलर असले काही नव्हते. एका पुरुषाचे नाव आणि त्यापुढे "मोबाईल शॉपी" असे होते. मी थांबलो. चष्मा पुसून पुन्हा वाचले. सौ.ला हाक मारून दाखवलेसुद्धा, आणि ती म्हणाली, "कुत्र्याची गाडी मोबाईलवाला कशाला विकेल?" इतका साधा, सरळ प्रश्न समोर आलेला असताना मी तिला समजावत बसलो, की आपल्या गावात निम्म्या दुकानांचे क्यूआर कोड मालकाच्या बायकोच्या नाहीतर मेव्हण्याच्या नावावर असतात, किराणावाल्याचे पैसे आपण त्याच्या मुलाच्या खात्यावरच पाठवतो. हे खोटे नाही. आपल्याकडचा व्यवहारच असा झाला आहे, की खात्यावर कोणाचेही नाव दिसले तरी आपल्याला खटकत नाही, आणि ही सवय या लोकांना पुरेपूर माहीत आहे. किराणावाला समोर गादीवर बसलेला असतो, हा फरक मात्र त्या क्षणी माझ्या ध्यानात आला नाही. आयुष्यभर विविध कार्यकारी सोसायटीत गटसचिव म्हणून दुसऱ्यांच्या पावत्यांवरची नावे जुळवली, आणि स्वतःचे ₹2,399 नाव न जुळणाऱ्या खात्यात पाठवले.

पार्सल आले, हे विशेष. कुरिअरच्या मुलाने दारात एक हलके खोके दिले आणि तो निघून गेला. त्यावरच्या चिठ्ठीवर वजन छापलेले होते: 0.480 किलो. लोखंडी सांगाड्याची, चार चाकांची, 15 किलोचे जनावर वाहणारी वस्तू अर्धा किलोचीही नाही! पार्सल हातात घेण्याआधी त्या चिठ्ठीवरचे वजन वाचा, हे माझे पहिले सांगणे. आत बाहुलीची गुलाबी प्लास्टिकची गाडी निघाली, चाके बाटलीच्या बुचाएवढी, आणि तिच्या दांडीवर मूळ किमतीची चिठ्ठी अर्धवट खरवडलेली, ज्यातले "149" तेवढे शिल्लक होते. राणीने तिचा वास घेतला आणि ती पाठ फिरवून निघून गेली.

काहीच न पाठवता पैसे बुडवता येत असताना ही बाहुलीची गाडी पाठवण्याचा खर्च ते का करतात, याचा उलगडा मला पुढे पोलीस ठाण्यात झाला. कुरिअरच्या नोंदीत "माल पोहोचला" असे उमटले, की फसवणुकीची तक्रार "चुकीची वस्तू आली" अशा किरकोळ वादात बदलते, आणि प्रत्येक टेबलावरचा माणूस तुम्हाला दुसऱ्या टेबलाकडे ढकलायला मोकळा होतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर तक्रार करताच अत्यंत नम्र उत्तर आले आणि "परतावा विभागाचा" क्रमांक मिळाला. त्या क्रमांकावरचा माणूस हिंदीत बोलत होता, प्रत्येक वाक्यात दोनदा "सर" म्हणत होता, आणि त्याच्यामागे कार्यालयात असतात तसे इतर लोकांचे बोलणे ऐकू येत होते. त्याने व्हिडिओ कॉलवर माझ्या मोबाईलचा पडदा दाखवायला लावला, एक क्यूआर कोड पाठवला आणि सांगितले, की चौकटीत आपला परतावा क्रमांक 18999 टाका आणि पिन देऊन परतावा मंजूर करा. ती चौकट रकमेची होती. उन्हाच्या वेळी, लहान अक्षरांत, कानाशी एक माणूस सतत "जल्दी सर, सेशन बंद हो जाएगा" म्हणत असताना, ती रकमेची चौकट आहे हे ज्याला दिसेल त्याने मला दोष द्यावा. तरी एक गोष्ट पाठ करून ठेवा: पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही लागत नाही. पिन मागितला, याचा अर्थ पैसे तुमच्या खात्यातून जाणार आहेत.

आता यंत्रणांविषयी.

पैसे गेल्यावर मी तडक पोलीस ठाण्यात गेलो. तेथे ठाणे अंमलदारांनी आधी बाहुलीची गाडी हातात घेऊन फिरवून पाहिली, मग शेजारच्या शिपायाला दाखवली, आणि दोघांचे हसून झाल्यावर मला सांगितले, की लेखी अर्ज, बँकेचा उतारा आणि आधारची प्रत घेऊन उद्या या. "1930 वर आत्ता फोन लावा" हे एक वाक्य त्या ठाण्यातल्या एकानेही उच्चारले नाही. सायबर फसवणुकीची तक्रार 1930 या क्रमांकावर नोंदली, की रक्कम पुढच्या खात्यांत सरकण्याआधी गोठवण्याचा प्रयत्न करता येतो, आणि त्यात मिनिटामिनिटाला महत्त्व असते. मला ते दुसऱ्या दिवशी पुण्याहून मुलाने सांगितले. तोवर रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात गेली होती, आणि गोठवले गेले ते ₹640. तेही न्यायालयाचा आदेश आणल्यास मिळतील, असे मला तोंडी सांगण्यात आले. ₹640 साठी वकील करावा, अशी अपेक्षा असावी.

दुसऱ्या दिवशी अर्ज घेऊन गेलो, तेव्हा ₹2,399 चा भाग "ग्राहक तक्रार" ठरला आणि ₹18,999 चा भाग "जिल्ह्याच्या ठिकाणी न्या" असा ठरला. जिल्ह्याच्या ठिकाणी सांगितले, की प्रथम खबर (एफआयआर) तुमच्याच ठाण्यात नोंदवा. एसटीचे भाडे आणि झेरॉक्स यांचा हिशेब मी ठेवला आहे, तो ₹412 झाला, आणि तो वरच्या बेरजेत धरलेला नाही. भारतीय न्याय संहितेचे कलम 318 फसवणुकीसाठी आहे, माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66-ड हे संगणक साधनाद्वारे दुसऱ्याचे सोंग घेऊन फसवण्यासाठी आहे, आणि ठाण्याने खबर नोंदवून घेतली नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) नुसार पोलीस अधीक्षकांकडे लेखी माहिती पाठवता येते. मी ती रजिस्टर पोस्टाने पाठवली. पोचपावती माझ्याकडे आहे. उत्तर नाही.

बँकेच्या शाखेत तर माझा अर्जच घेईनात. "पिन तुम्हीच टाकला ना, काका?" एवढ्यावर त्यांचे काम संपले. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकात ग्राहकाला तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास जे संरक्षण दिले होते, ते त्याच्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी होते, हे मला मान्य आहे. पण अर्ज नाकारण्याचा अधिकार त्यात कुठे दिला आहे? मी आवक क्रमांक आणि शिक्का मिळेपर्यंत खुर्चीवरून उठणार नाही असे सांगितले, तेव्हा कुठे शिक्का उमटला. तुम्हीही तोंडी काही ऐकून परत येऊ नका. अर्जाची दुसरी प्रत, शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही एवढे झाल्याशिवाय दार ओलांडू नये.

ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही आणि तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्यात करता येते, म्हणून मी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवरही बोललो. पण आयोगाने नोटीस कोणत्या पत्त्यावर काढायची? पत्ता नसलेल्या विक्रेत्याला कायदा सापडत नाही. शेजारचे आप्पा ओट्यावर बसून हे सगळे ऐकत होते. म्हणाले, "आते काय उपयोग, भाऊ?"

ज्यांना खरोखरच गाडी घ्यायची आहे, त्यांनी विक्रेत्याकडे गाडी घडी करून पुन्हा उघडतानाचा व्हिडिओ मागावा, आणि त्यात त्या दिवसाचे वर्तमानपत्र शेजारी ठेवायला सांगावे. ज्याच्याकडे गाडी आहे तो देईल. खोके डिलिव्हरीवाल्यासमोर उघडून पाहता येत असेल तरच घ्यावे, आणि उघडताना घरच्या कोणालातरी मोबाईलवर चित्रण करायला उभे करावे. आगाऊ पैशांवर जास्त सवलत देणाऱ्याला वस्तूपेक्षा तुमच्या आगाऊ पैशांतच जास्त रस असतो. आम्ही शेवटी भाचीच्या मुलाची जुनी बाबागाडी आणली, सायकलवाल्याकडून तिची चाके बदलून घेतली आणि वरती जाळी शिवून घेतली. सगळे मिळून ₹1,150 लागले. आतला पट्टा विसरू नका.

सायबर तक्रारींच्या सरकारी पोर्टलवर माझ्या तक्रारीपुढे अजून "तपास सुरू" असेच दिसते. मध्यंतरी एक फोन आला. आपण सायबर विभागाचे वकील आहोत, ₹1,500 प्रक्रिया शुल्क भरल्यास अडकलेली सगळी रक्कम आठवड्यात परत मिळेल, असे तो गृहस्थ सांगत होता. एकदा फसलेल्यांना असे फोन येतातच, तेव्हा तेही ध्यानात असू द्या. मी त्याला बोलत ठेवून त्याचा क्रमांक आणि त्याने दिलेला खाते क्रमांक लिहून घेतला, आणि दोन्ही घेऊन त्याच दुपारी ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदार म्हणाले, की यात पैसे गेलेले नाहीत, त्यामुळे तक्रार होत नाही.