जर्मन कलासंज्ञा इंग्रजीत नेताना: नाशिकच्या एका भाषांतर कार्यालयाचा अनुभव

गेल्या वर्षी कॉलेज रोडवरच्या आमच्या छोट्या स्टुडिओकडे एका जर्मन संग्राहकाच्या कॅटलॉगच्या मांडणीचे काम आले. जुनी मुद्राचित्रे (प्लेटवरून किंवा ठशावरून कागदावर छापलेली चित्रे), विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांतील पोस्टर आणि थोडे विणकाम अशा ११२ नोंदी आणि त्यांच्या आधी एक दीर्घ प्रस्तावनालेख, असा तो ऐवज होता. जर्मन मजकूर तयार होता. त्याच्या शेजारी इंग्रजी मजकूर हवा होता आणि तो आम्हीच करून घ्यावा, अशी अट होती. पुण्या-मुंबईत शोध घेण्याऐवजी शरणपूर रोडवरच्या एका भाषांतर कार्यालयाकडे मी हे काम सोपवले. चार महिन्यांच्या त्या अनुभवाविषयी हे लिहीत आहे.

कार्यालयाचे नाव मुद्दाम देत नाही. एका कामातील चुकांवरून कोणाच्या पोटावर पाय आणावा, असे ते काम मुळीच नव्हते. तीन माणसांचा कारभार आहे. मुख्य भाषांतरकार असलेल्या गृहस्थांची पंचवीस वर्षे सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांसाठी जर्मन यंत्रांची माहितीपुस्तके इंग्रजीत करण्यात गेली आहेत, तर त्यांच्याकडे काम करणाऱ्या दोघी तरुण भाषांतरकार पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनातून सी-वन या प्रगत पातळीची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या आहेत. त्यांच्या जर्मनविषयी शंका घेण्याचे कारण नव्हते. शंका घ्यायला हवी होती ती त्यांच्या संगणकाविषयी, हे मला पहिल्या तीस नोंदी हाती आल्यावर कळले.

भाषांतराच्या धंद्यात आता सगळीकडे ‘ट्रान्स्लेशन मेमरी’ वापरतात. पूर्वी केलेली वाक्ये आणि शब्द सॉफ्टवेअर जपून ठेवते आणि तोच शब्द पुन्हा आला की जुना प्रतिशब्द पुढे करते. या कार्यालयाच्या मेमरीत पंचवीस वर्षांचे पंप, लेथ आणि कंप्रेसर साठलेले होते. त्यामुळे ‘होखड्रुक’ या शब्दापुढे ‘हाय प्रेशर’ हे शब्द आपोआप येऊन बसले. ‘ड्रुक’ म्हणजे दाब, तसेच ‘ड्रुक’ म्हणजे छपाई. छापखान्यात ‘होखड्रुक’ म्हणजे उंच भागाला शाई लागून होणारी छपाई, जिला इंग्रजीत ‘रिलीफ प्रिंटिंग’ म्हणतात. लाकडी ठसा आणि शिशाचे खिळे, म्हणजे छापायची सुटी अक्षरे, हे दोन्ही तिच्यात येतात. ‘टीफड्रुक’मध्ये शाई खोल रेघेत राहते आणि ‘फ्लाखड्रुक’मध्ये, म्हणजे आपल्या जुन्या शिळाछापेत, उंच-खोल असे काही नसतेच. ‘आब्त्सूग’ या शब्दाचीही अशीच गत झाली. प्लेटवरून काढलेला छाप असा त्याचा कॅटलॉगमधील अर्थ, आणि कारखान्यात धूर ओढून घेणारी यंत्रणा. एका सुरेख एचिंगच्या (तेजाबाने कोरलेल्या प्लेटवरून छापलेल्या चित्राच्या) नोंदीत ‘अर्ली एक्झॉस्ट’ असे वाचल्यावर मी आधी हसलो आणि मग मुदतीची तारीख आठवून हसणे थांबवले.

अशा चुका निदान दिसतात तरी. कोणाही वाचकाला त्या खटकतील आणि कोणीतरी त्या काढून टाकील. खरी अडचण ‘त्सुश्टांड’ या शब्दाने केली, कारण त्याचे भाषांतर ‘कंडिशन’ असे झाले होते आणि ते वाचताना काहीही खटकत नव्हते. साध्या जर्मनमध्ये ‘त्सुश्टांड’ म्हणजे स्थिती. चित्राचा कागद कसा राहिला आहे, हे सांगतानाही तोच शब्द येतो. परंतु मुद्राचित्राच्या नोंदीत ‘दुसरा त्सुश्टांड’ असे असेल, तर त्याचा कागदाच्या प्रकृतीशी काही संबंध नसतो. चित्रकार प्लेट कोरतो, काही छाप काढतो, मग त्याच प्लेटवर पुन्हा काम करतो आणि पुन्हा छाप काढतो. यांतील प्रत्येक टप्प्याला इंग्रजीत ‘स्टेट’ म्हणतात. रेम्ब्रांटने १६५३ मधील ‘तीन क्रूस’ या चित्राच्या चौथ्या टप्प्यात प्लेट इतकी बदलली की पहिल्या आणि चौथ्या टप्प्याचे छाप शेजारी ठेवले तर ती दोन वेगळी चित्रे वाटावीत. कोणता टप्पा, यावर संग्राहकाचा अभ्यास आणि चित्राची किंमत हे दोन्ही अवलंबून असते. आमच्या कॅटलॉगमध्ये एकाच नोंदीत हा शब्द दोनदा आला होता, एकदा टप्प्याच्या अर्थाने आणि एकदा कागदाच्या स्थितीच्या अर्थाने, आणि दोन्हीकडे ‘कंडिशन’ छापले गेले असते, तर संग्राहकाने आमच्याकडे पुन्हा ढुंकूनही पाहिले नसते.

मी तीस नोंदींवर लाल खुणा करून कार्यालयात गेलो. माझी अपेक्षा होती की आता वाद होईल. तो झाला नाही, ही या कार्यालयाची पहिली जमेची बाजू. दोघींपैकी जी मुद्राचित्रांच्या नोंदी करत होती, तिने वही उघडली आणि म्हणाली, “सर, शब्दाचा अर्थ नका सांगू. वस्तू दाखवा, शब्द मी शोधते.” तेव्हा मी खिशातून पाचशेची नोट काढली आणि तिला गांधीजींच्या चित्रावरून बोट फिरवायला सांगितले. बोटाला जी किंचित उंच शाई लागते, ती ‘टीफड्रुक’ची खूण आहे, खोल रेघेतली शाई प्रचंड दाबाने कागदावर ओढली गेली की ती अशी उभी राहते. नाशिकरोडला १९२८ पासून नोटांचा छापखाना आहे आणि या शहरातील निम्म्या घरांत कोणी ना कोणी तिथे नोकरी केलेले निघते. तरीही त्या नोटेकडे छपाईचा नमुना म्हणून पाहायचे आम्हा कोणालाच सुचत नाही.

दुसऱ्या दिवशी ती स्टुडिओत आली. माझ्याकडे कला महाविद्यालयातील दिवसांची एक तांब्याची प्लेट आहे, तळहाताएवढी, एका कोपऱ्यात गंज चढलेली. तिच्यावर पोलादी सुईने थेट ओरखडून केलेले काम आहे. तेजाब नाही, मेणाचा लेप नाही. जर्मनमध्ये याला ‘काल्टनाडेल’, म्हणजे ‘थंड सुई’ म्हणतात आणि इंग्रजीत ‘ड्रायपॉइंट’. सुई तांब्यातून जाते तेव्हा रेघेच्या कडेला धातूची बारीक धार उसवून वर येते, ती शाई धरून ठेवते आणि छापात रेघ मखमलीसारखी मऊ दिसते. पंधरा-वीस छापांनंतर ती धार चेपते आणि रेघ कोरडी पडते. या धारेला जर्मनमध्ये ‘ग्राट’ म्हणतात. मसुद्यात त्यासाठी ‘रिज’ हा शब्द होता, कारण ‘ग्राट’ म्हणजे डोंगराची धारही. कळसूबाईकडे जाणाऱ्यांना ती चांगली माहीत आहे. तिने नखाने प्लेट चाचपली, थोडा वेळ गप्प राहिली आणि तिथूनच आपल्या वरिष्ठांना फोन लावला. तिने वर्णन अर्धे केले असेल-नसेल, तोच फोनवरून मोठ्याने उत्तर आले, “अगं, ती बर आहे! अंबडला रोज काढतात ती बर!” इंग्रजी मुद्राचित्रांच्या परिभाषेतील अचूक शब्द तोच, ‘बर’. ज्या कारखान्याने ‘अर्ली एक्झॉस्ट’ लिहायला लावले, त्याच कारखान्याने हा शब्द दिला. त्यांनी स्वतः त्या नोंदी आधीच नजरेखालून घातल्या असत्या, तर माझी फेरी वाचली असती, ही माझी तक्रार मात्र कायम आहे. भाषांतरसेवेच्या आयएसओ १७१०० या मानकात भाषांतर एकाने आणि तपासणी दुसऱ्याने करावी, असे स्पष्ट सांगितले आहे. कार्यालयाच्या माहितीपत्रकात या मानकाचा उल्लेख आहे; पहिल्या तीस नोंदींत मात्र दुसरा डोळा फिरल्याची खूण दिसली नाही.

विणकामाच्या नऊ नोंदींत ‘केट’ आणि ‘शुस’ यांचे ‘चेन’ आणि ‘शॉट’ झाले होते. येवल्याच्या मागासमोर पाच मिनिटे उभे राहिलेल्या कोणालाही ते ताणा-बाणा आहेत, हे सांगता आले असते. इंग्रजीत ‘वार्प’ आणि ‘वेफ्ट’. ही दुरुस्ती दुसऱ्या भाषांतरकार मुलीने मी सांगण्यापूर्वीच केली होती, कारण तिचे आजोळ येवल्याचे. लाकडाच्या बाबतीत मात्र शेवटपर्यंत घोळ राहिला. ‘होल्त्सश्निट’ आणि ‘होल्त्सश्टिख’ या दोन्हींना ‘वुडकट’ केले होते. पहिला ठसा फळीच्या लांबीच्या अंगाने सुरीने कोरतात, दुसरा खोडाच्या आडव्या छेदावर, तांबे कोरायच्या अवजाराने. इंग्रजीत त्याला ‘वुड एन्ग्रेव्हिंग’ हे वेगळे नाव आहे. अंतिम प्रुफातही दोन ठिकाणी ही चूक मला सापडली.

पोस्टरच्या नोंदी वाचताना माझे वडील आठवले. त्यांनी आयुष्यभर खिळे जुळवले, आणि जाड अक्षराला ते ‘ठळक’ म्हणत. जर्मन जुळारी त्याला ‘फेट’, म्हणजे लठ्ठ, म्हणतो आणि बारीक अक्षराला ‘मागर’, म्हणजे रोड. मसुद्यात ‘फॅट ग्रोटेस्क’ असे आले होते, तिथे ‘बोल्ड सॅन्स सेरिफ’, म्हणजे टोकांना शेपट्या नसलेले ठळक अक्षर, हवे होते. इंग्रजी छपाईत ‘फॅट फेस’ या नावाने एकोणिसाव्या शतकातील एक वेगळीच अक्षरशैली ओळखली जाते, त्यामुळे ही चूक हास्यास्पद असण्यापेक्षा दिशाभूल करणारी होती. ‘ग्रोटेस्क’च्या बाबतीत कार्यालयाने मला गप्प केले. जुन्या सॅन्स सेरिफ अक्षरांना इंग्रजीतही ‘ग्रोटेस्क’ म्हणण्याचा प्रघात आहे, हे त्यांनी दाखवून दिले आणि तीन नोंदींत तो शब्द राहू दिला. ते बरोबर होते. ‘एन्टवुर्फ’चेही त्यांनी नंतर चांगले निभावले: पोस्टरखाली चित्रकाराच्या नावाआधी हा शब्द आला की ‘डिझाइन’, पेन्सिलीने केलेल्या कागदावर आला की ‘स्केच’. पहिल्या मसुद्यात दोन्हीकडे ‘ड्राफ्ट’ होते, आणि छापून भिंतींवर लागलेले पोस्टर कच्चे कसे, हा प्रश्न कोणाला पडला नव्हता.

प्रस्तावनालेखाबद्दल मला सर्वांत जास्त धास्ती होती आणि तोच सर्वांत चांगला उतरला. तिथे मेमरीतील पंपांचा उपद्रव नव्हता. प्रत्येक वाक्य माणसानेच केलेले होते. ‘यूगेंटश्टील’ (१९०० च्या सुमाराची वळणदार नक्षीची जर्मन शैली) हा शब्द त्यांनी जसाच्या तसा ठेवला, कारण ‘आर नूव्हो’ हे तिचे फ्रेंच नाव म्हटले की वाचक पॅरिसला जातो आणि म्युनिकच्या ‘यूगेंट’ या १८९६ मध्ये सुरू झालेल्या नियतकालिकाशी असलेले नाते तुटते. ‘मालरिश’ हा शब्द खेड्याच्या दृश्याबद्दल आला तिथे ‘पिक्चरेस्क’ आणि कलेतिहासकार हाइनरिख व्योल्फलिनने १९१५ मध्ये रेषेच्या विरुद्ध टोकाला ठेवलेला ‘मालरिश’ आला तिथे ‘पेंटर्ली’ केला. हा भेद ओळखायला शब्दकोश पुरत नाही.

‘गेश्टाल्टुंग’, म्हणजे आकार देणे, या शब्दावर आम्ही एक सबंध दुपार घालवली. देसाऊमध्ये १९२६ साली बाऊहाउस या प्रसिद्ध कला-डिझाइन शाळेने आपल्या नावापुढे ‘होखशूलं फ्यूर गेश्टाल्टुंग’ (गेश्टाल्टुंगचे महाविद्यालय) असे जोडले आणि उल्ममध्ये १९५३ साली स्थापन झालेल्या संस्थेनेही तेच नाव घेतले. आयआयटी मुंबईतील औद्योगिक डिझाइन केंद्राच्या १९६९ मधील उभारणीत अग्रभागी असलेले सुधाकर नाडकर्णी याच उल्मला शिकले होते, म्हणजे हा शब्द आपल्या घरापर्यंत आलेला आहे. इंग्रजीत सर्रास ‘डिझाइन’ लिहितात, पण लेखात त्याच परिच्छेदात जर्मन लेखकाने ‘डिझाइन’ हा शब्दही वेगळ्या अर्थाने वापरला होता. मी सहज म्हणालो की मराठीत हा प्रश्न आलाच नसता, ‘घडण’ लिहिले असते. मुद्राचित्रांच्या नोंदी करणाऱ्या मुलीने ते वहीत टिपून घेतले आणि त्यावरून वाक्यागणिक ‘शेपिंग’, ‘फॉर्म’ किंवा ‘डिझाइन’ असे ठरवत गेली. ‘फार्बं’ या शब्दालाही अशीच मराठीची मदत झाली. छटा आणि डबीतला रंग या दोन्हींना आपण ‘रंग’च म्हणतो, जर्मनही एकच शब्द वापरतो, इंग्रजीला मात्र ‘कलर’ आणि ‘पेंट’ असे निवडावे लागते, आणि छपाई असेल तर ‘इंक’. उलटे उदाहरण ‘लाझूर’ आणि ‘ग्लाझूर’ यांचे: चित्रावरचा पारदर्शक रंगाचा पातळ थर आणि मातीच्या भांड्यावरची झिलई. इंग्रजीत दोन्ही ‘ग्लेझ’, त्यामुळे वाक्यात खुलासा घालावा लागला आणि माझ्या मांडणीत दोन ओळी वाढल्या.

पैशांचे थोडक्यात सांगतो. दर शब्दामागे चार रुपये ठरला होता. शब्द जर्मन मजकुराचे मोजायचे की इंग्रजीचे, हे आधीच लिहून घ्यावे. ‘द्राइफार्बनड्रुक’ हा जर्मनमध्ये एक शब्द आहे, इंग्रजीत त्याचे तीन होतात. (त्र्यंबकला जन्मलेले दादासाहेब फाळके हेच तीन रंगांच्या छपाईचे काम आणि त्याची यंत्रे पाहायला १९०९ मध्ये जर्मनीला गेले होते, त्यांनी परिभाषा कोणाकडून समजून घेतली असेल, याचे कुतूहल मला या कामाच्या दरम्यान अनेकदा वाटले.) आम्ही जर्मन शब्द मोजले आणि आमचा फायदा झाला. दुरुस्त्यांचे वेगळे पैसे लावले नाहीत. काम ठरल्यापेक्षा नऊ दिवस उशिरा मिळाले, त्यांपैकी चार दिवसांचा दोष माझ्या लाल शाईकडे जातो.

पाचपैकी साडेतीन गुण देईन. यंत्रांची कागदपत्रे असतील तर डोळे मिटून द्यावीत. कलेचा मजकूर असेल तर जुनी मेमरी बंद ठेवून काम करावे, अशी अट घालावी, प्रत्येक नोंदीसोबत चित्र द्यावे आणि शक्य असेल तिथे वस्तू समोर ठेवावी. काम संपल्यावर त्यांनी मला १४० संज्ञांचा एक तक्ता बिलासोबत दिला, न मागता. त्यात ‘ग्राट’समोर दोन रकाने आहेत: एकात ‘मशिनिंग’ आणि दुसऱ्यात ‘ड्रायपॉइंट’, आणि दोन्हींत ‘बर’ लिहिलेले आहे. ‘गेश्टाल्टुंग’समोर तीन इंग्रजी शब्द आहेत आणि शेवटी कंसात, देवनागरीत, ‘घडण’.