एक कोरा चेहरा आणि चौतीस बाहुल्या

मी मालवणात राहते आणि बाहुल्या करते. खेळायच्या नव्हेत, मांडून ठेवायच्या. आत तारेचा सांगाडा, त्यावर मांजरपाटाचं अंग, त्यात ठासून भरलेलं फायबर, आणि चेहरा नि हात हवेत सुकणाऱ्या क्लेचे. पर्यटक हमखास विचारतात, "ह्या पिंगुळीच्या का?" नव्हेत. पिंगुळी गावच्या बाहुल्या ठाकर समाजाच्या, कळसूत्री, दोरीवर नाचणाऱ्या. त्या कलेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. माझ्या बाहुल्या बसल्या जागच्या हलत नाहीत. नाचले ती मीच, आणि मला कुणी कसं नाचवलं ते सांगायला हे लिहितेय.

माझी सगळ्यात जास्त खपणारी बाहुली म्हणजे मासळीवाली. मांडी घालून बसलेली, समोर पाटी, पाटीत फेल्टचे बांगडे, अंबाड्यात आबोलीचा वळेसर, म्हणजे गजरा. तो वळेसर म्हणजे नारिंगी दोऱ्याच्या गाठी, एकेक हाताने मारलेली. चाळीस मिनिटं फक्त त्यालाच जातात. चेहरा मात्र मी एकदाच घडवला, बंदरावर मासळीच्या लिलावाला बसणाऱ्या एका आजींना डोळ्यासमोर ठेवून. मग त्याचा सिलिकॉनचा साचा केला. साचा ओतण्याआधी मूळ चेहऱ्याच्या हनुवटीखाली माझं नख लागलं होतं, चंद्रकोरीएवढी बारीक खूण. लक्षात आलं तोवर साचा तयार. त्यामुळे प्रत्येक मासळीवालीच्या हनुवटीखाली ती कोर उमटते. सुरुवातीला गेसो, म्हणजे रंगाआधी लावायचा पांढरा लेप, लावून बुजवायची, पुढे कंटाळा केला. ही कोर ध्यानात असू द्या.

गेल्याच्या गेल्या वर्षी दिवाळीनंतर एका प्रदर्शनात एक गृहस्थ भेटले. पन्नाशीचे, खादीचा कुर्ता, बोलायला अतिशय गोड. तारकर्लीकडे एका रिसॉर्टात "आर्ट गॅलरी" चालवतो म्हणाले. नाव लिहीत नाही, रिसॉर्टचंही नाही. बाहुली हातात घेतल्यावर त्यांनी पहिल्यांदा ती उलटी करून तळाची शिलाई बघितली. झालं, मी तिथेच विरघळले. शिलाई बघणारं गिऱ्हाईक आम्हाला वर्षातून एकदा भेटतं.

त्यांनी सहा बाहुल्या नेल्या. दर ठरला चौदाशे रुपये नग, पैसे विकल्यावर. पंधराव्या दिवशी सगळे पैसे जीपेवर आले, वर मेसेज: "ताई, लोक वेडे झालेत." मग दहा नेल्या. त्याचेही पैसे आले, तीन दिवस उशिरा, पण उशीर झाल्याबद्दल माफी मागून. आज कळतं की ते सोळा बाहुल्यांचे पैसे हेच त्यांचं भांडवल. मासे धरायचे तर गळाला आमिष लावावंच लागतं, आणि आम्ही तर बंदरावरची माणसं.

डिसेंबरच्या मध्याला फोन आला. नाताळ आणि थर्टी फर्स्टला रिसॉर्ट फुल्ल आहे, असतील नसतील त्या सगळ्या बाहुल्या द्या. मी, माझी जाऊ आणि शेजारची एक मुलगी, तिघी रात्री दोन-दोनपर्यंत बसलो. चौतीस बाहुल्या झाल्या. त्यांनी पाच हजार हातावर ठेवले आणि खोके गाडीत भरताना सहज म्हणाले, "ताई, एक रंग न दिलेला चेहरा द्याल का? हे हाताने कसं होतं ते लोकांना दाखवतो. खात्री पटली की किंमत जास्त देतात."

मला तर हे फारच आवडलं. मी एक कोरा चेहरा टिश्यूत गुंडाळून, वर बबल रॅप लावून दिला. एकाच्या जागी दोन दिले, एक फुटला तर असू दे म्हणून.

सासूबाई पडवीत भाजी निवडत होत्या. गाडी गेल्यावर एवढंच विचारलं, "लिवन घेतलंस मां?"

मी म्हटलं, आई, माणूस चांगला आहे, दोनदा पैसे दिलेत.

"बरो दिसता म्हणान काय झाला?" म्हणाल्या आणि परत भाजीकडे वळल्या.

जानेवारी गेला. फेब्रुवारीत रिसॉर्टच्या अकाउंटचा काही घोळ. मार्चमध्ये त्यांचे वडील आजारी. एप्रिलमध्ये जीएसटी. खरं तर मला तेव्हाच जाऊन बघायला हवं होतं, तारकर्ली माझ्या घरापासून काही परदेशात नाही. पण वडील आजारी असलेल्या माणसाच्या दारात पैसे मागायला कसं जायचं, असं वाटायचं. हा संकोच त्यांनी बरोबर हेरला होता. जून लागला, किल्ल्याच्या होड्या बंद झाल्या, पर्यटक आटले, आणि एका संध्याकाळी भर पावसात कुणी पोरगा दारात एक खोका ठेवून गेला. आत नऊ बाहुल्या, सगळ्यांना बुरशी. खोका उघडल्याबरोबर कुबट वास आला. एकीच्या पाटीतल्या बांगड्यांवर खरोखरच्या कुजलेल्या मासळीसारखी हिरवट लव आली होती. सोबत मेसेज: "बारा विकल्या, बाकी खराब झाल्या, हिशेब नंतर करू."

बारा आणि नऊ एकवीस. उरलेल्या तेरा कुठे गेल्या, याचं उत्तर मला आजतागायत मिळालेलं नाही. माझ्या हिशेबाने पंचवीस परत आल्या नाहीत, म्हणजे पस्तीस हजार, त्यातून पाच वजा, तीस हजार येणं. त्यांच्या हिशेबाने बारा नगांचे सोळा हजार आठशे, त्यातून आगाऊ रक्कम आणि "डिस्प्लेचा खर्च" वजा. हा डिस्प्लेचा खर्च मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

पोलीस ठाण्यात गेले. साहेबांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, हा दिवाणी मामला आहे, लिखापढी काय आहे? माझ्याकडे होता फक्त एक व्हॉट्सॲप मेसेज, "३४ मिळाल्या, धन्यवाद ताई." दर नाही, मुदत नाही, खराब झाल्या तर कुणाचं नुकसान तेही नाही. बाकी सगळं फोनवर बोललेलं. त्या गॅलरीवाल्यांच्या पाचातल्या चार गोष्टी फोनवरच असायच्या, हेही तेव्हाच ध्यानात आलं. ऑनलाइन फसलेल्यांसाठी १९३० हा नंबर आहे आणि तिथे जितकं लवकर कळवाल तितकं बरं, पण माझी फसवणूक ऑनलाइन नव्हतीच. मी माझ्या हाताने खोके गाडीत ठेवले होते.

कुडाळच्या एका वकीलबाईंनी दुसरी गोष्ट सांगितली. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी २००६ चा कायदा आहे. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, असलेल्याचा माल घेतला तर लेखी करार असला तरी जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत पैसे द्यावे लागतात, नाहीतर चक्रवाढ व्याज लागतं, आणि तक्रार सरकारी परिषदेकडे नेता येते. मी खूश झाले. मग त्यांनी विचारलं, नोंदणी माल देण्याआधीची आहे ना? नव्हतीच मुळी. ही नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते, आधार आणि पॅन लागतं, चहा थंड व्हायच्या आत होते. मी माल गेल्यानंतर आठ महिन्यांनी केली. (ती करताना पैसे मागणारी एक हुबेहूब वेबसाइटही लागली. फसलेल्या माणसाला आणखी फसवायलाही लोक टपलेले असतात.) शेवटी वकिलांची नोटीस गेली आणि आठ हजार आले. त्यातले दोन नोटिशीला गेले.

इथवर झालं असतं तर मी हे लिहिलंही नसतं. उधारी बुडणं कोकणात कुणाला नवं नाही.

पुढच्या नोव्हेंबरात आम्ही गोव्याला लग्नाला निघालो होतो. हायवेवर एका दुकानात सोलकढी प्यायला थांबलो. काजूच्या पिशव्या, कोकम सरबताच्या बाटल्या, आणि त्यांच्या वरच्या फळीवर ओळीने बसलेल्या मासळीवाल्या. वीस-बावीस तरी. वळेसर प्लास्टिकचा, पाटी बाजारातली, बांगडे छापील कापडाचे. मी एक खाली काढली आणि हनुवटीखाली बोट फिरवलं. कोर होती.

चेहरा मात्र काहीसा बारीक वाटला. नथ मोठी दिसत होती. घरी येऊन माझ्या बाहुलीशेजारी ठेवून मोजला तर जवळजवळ तीन मिलीमीटरने लहान. कारण साधं आहे. ही क्ले सुकताना आकसते. मी दिलेला कोरा चेहरा एकदा आकसलेला होताच, त्यावरून साचा काढून त्यात पुन्हा क्ले दाबली की तो दुसऱ्यांदा आकसतो. जपानी पद्धतीच्या सांध्यांच्या रेझिन बाहुल्या जमवणारे लोक अशा चोरट्या नकलेला रिकास्ट म्हणतात, आणि तेही ती अशीच मापावरून ओळखतात. रंगवलेल्या, केस चिकटवलेल्या बाहुलीवरून स्वच्छ साचा निघत नाही. निघतो तो कोऱ्या चेहऱ्यावरून. मी दोन दिले होते, बबल रॅप लावून.

सावंतवाडीला चितार आळीत लाकडी खेळणी करणाऱ्या एका जुन्या कारागिरांना हे सांगितलं. ते हसले नाहीत, एवढं बरं. म्हणाले, "रंगाआधीचं लाकूड आम्ही गिऱ्हाइकाच्या हातात देत नाही. बघायचं तर इथे बसून बघा."

नकलेबद्दल वकीलबाईंना पुन्हा विचारलं. घडवलेल्या मूळ चेहऱ्याचा कॉपीराइट आपोआप माझा, पण तो मी आधी घडवला हे दाखवता यायला हवं: तारखेचे फोटो, अर्धवट अवस्थेतले, मातीने हात माखलेले असतानाचे. ते माझ्याकडे नशिबाने होते. मात्र एखादी वस्तू साच्यातून घाऊक काढायची असेल तर डिझाइनची नोंदणी करावी लागते, कारण नोंदणी नसलेल्या अशा डिझाइनचे औद्योगिक पद्धतीने पन्नासाहून जास्त नग निघाले की कॉपीराइट टिकत नाही. आणि नोंदणी करायची तर डिझाइन लोकांपुढे मांडण्याआधी. माझी मासळीवाली चार वर्षं फेसबुकवर बसलेली. दुकानदाराला नोटीस पाठवली आहे. तो म्हणतो माल पुण्याहून येतो. बघू.

त्या दुकानातली ती बाहुली मी साडेसातशेला विकत घेतली. पावती मागून घेतली. दुकानदार म्हणाला, ताई, हॅन्डमेड आहे हां.

आता मी कार्बनवालं चलनबुक आणलंय. नग, दर, हिशेबाची तारीख, खराब झाल्यास जबाबदारी कुणाची, खाली घेणाऱ्याची सही. प्रत्येक बाहुलीच्या तळाशी माझी सही नि क्रमांक, शिवलेला, चिकटवलेला नव्हे, आणि खोक्यात भरण्याआधी त्या क्रमांकासकट फोटो. विकल्यावर पैसे या बोलीवर माल दिलाच तर दहाच्या वर नाही, आणि आधीच्या दहांचा हिशेब झाल्याशिवाय पुढचे नाहीत, मग नाताळ असो की चतुर्थी.

चलनबुकातलं पहिलं पान माझ्या नणंदेच्या नावाने फाटलं. तिला मुंबईला न्यायला दोन बाहुल्या हव्या होत्या. सासूबाईंनी तिची सही घेतल्याशिवाय पिशवी सोडली नाही.