किराणा भाव-तुलना ॲप : पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंतचा अनुभव

ॲप काय करतं ते सांगत बसत नाही, सगळ्यांना माहीत आहे. चार-पाच ठिकाणचे भाव एकाच स्क्रीनवर, आणि सर्वांत कमी असेल तिथे हिरवी पट्टी. माझं भांडण त्या हिरव्या पट्टीशी आहे.

फराळासाठी सोयाबीन तेल बघत होते. हिरवी पट्टी 129 रुपयांच्या पाउचवर, त्याखाली दुसरं 134 चं. फोटो मोठा केला, तर 129 वाल्यावर 850 ग्रॅम आणि 134 वाल्यावर 1 लिटर! लिटरभर तेल साधारण 910 ग्रॅम भरतं. म्हणजे ‘सर्वांत स्वस्त’ तेल किलोमागे साडेचार रुपयांनी महाग. पाउच दिसायला जुळी भावंडं. अहो, पाकिटावर बारीक अक्षरात का होईना, ग्रॅमचा किंवा लिटरचा दर छापलेला असतो. तुलना हाच ज्यांचा धंदा, त्यांना तो वाचता येऊ नये? तक्रार केली, तर ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे’. तेव्हा रागाने एक तारा दिला होता.

सुधारित मत : नव्या अपडेटमध्ये ‘दर 100 ग्रॅम’ असा रकाना आला. खूश होऊन तारे वाढवले. पोहे, रवा, बेसन, सगळं व्यवस्थित. तेलावर गेले, तर एका पाउचला दर 100 ग्रॅम, दुसऱ्याला दर 100 मिली. पुन्हा कॅल्क्युलेटर माझ्याच हातात.

हँडलिंग, डिलिव्हरी, छोट्या ऑर्डरचा दंड हेही यात धरत नाहीत. जिऱ्याच्या पाकिटावर सात रुपये वाचवून वर पंचवीस भरायचे, याला बचत म्हणायचं तर म्हणा.

चहा पावडर, साबण, भांड्यांचा बार यांना मात्र ॲप खरंच उपयोगी. तोच ब्रँड, तेच वजन, फसायला जागा नाही. महिन्याचं सामान एकदम भरलं की फरक बिलात दिसतो. मिस्टर आधी हसायचे, आता स्वतःच दाढीचं ब्लेड शोधतात.

डाळींचं वेगळं. ॲपला फक्त पाकिटं दिसतात. 2022 च्या जुलैपासून पाकीटबंद, लेबलवाल्या डाळीवर 5 टक्के जीएसटी आहे, सुट्या डाळीवर नाही. त्यामुळे तूरडाळ मी नाशिकच्या रविवार कारंजावरच्या दुकानातच घेते. मूठभर हातावर घेऊन बघता येते, खडा आहे की नाही ते कळतं. दुकानदाराला एकदा ॲपमधला भाव दाखवला. ते म्हणाले, “ताई, त्याच भावात घ्या, पण शिजवून बघा आणि मग या.” पाकीट घेतलं नाही, पण त्यांनी किलोमागे दोन रुपये कमी केले. ॲपचा हा उपयोग जाहिरातीत नाही.

सध्या तीन तारे. चौथा लिटर आणि ग्रॅम एकाच मापात आणतील तेव्हा.