नायट्रो रिमोट कंट्रोल ट्रकला स्पर गिअर कुठला, प्लास्टिक की स्टील?
टी-मॅक्स, रेवोसारख्या नायट्रो इंधनावर चालणाऱ्या रिमोट कंट्रोल ट्रकचा स्पर गिअर (इंजिनची ताकद पुढे चाकांकडे नेणारा मोठा दातेरी गिअर) उडाला की जो तो सांगतो स्टीलचा टाक, कटकट मिटेल, पण मिटत नाही हो, पुढे सरकते फक्त. प्लास्टिकवाला स्वस्त, आवाज कमी, आणि चाक कुठे अडकलं तर आधी त्याचेच दात जातात, डिफ (चाकांना ताकद वाटून देणारा डिफरन्शियल) वाचतो. स्टील टाकलं आणि स्लिपर क्लच (झटका बसला की घसरून तो शोषणारा क्लच) जास्त टाइट राहिला तर झटका सरळ डिफ आणि ड्राइव्हशाफ्टवर, वर क्लच बेल (इंजिनावरचा, स्पर गिअरला फिरवणारा छोटा गिअर) झिजते ती वेगळीच. स्टील टिकतो जास्त, ते खरंय. मी तरी प्लास्टिकच घेईन. मेश, म्हणजे दात एकमेकांत बसतात ती फट, मात्र नीट लावा, क्लच बेल आणि स्पर या दोन गिअरमध्ये कागदाची पट्टी घालून इंजिन माउंटचे स्क्रू आवळायचे, बाहेर काढल्यावर पट्टीवर घड्या दिसाव्यात, ती फाटलेली नको. आणि स्क्रूला थ्रेडलॉक (स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद) लावाच, नायट्रोच्या व्हायब्रेशनने सगळं ढिलं होतं.