नायक मोडायचा: एका घावात की पायरी-पायरीने?

थरारकथेचा नायक मध्यावर कुठेतरी आपली तत्त्वं सोडणार, हे आपल्याला आधीच माहीत असतं. कशी सोडणार, तिथे गाडी अडते. एक तर जबर घाव घालायचा, म्हणजे घरचं माणूस मारलं जातं आणि तो त्याच रात्री पिस्तूल उचलतो. नाहीतर त्याला पायरी-पायरीने खाली उतरवायचं. मी एकाच कथेवर दोन्ही करून पाहिलं.

कथा गोवा-महाराष्ट्र सीमेवरच्या पत्रादेवी नाक्यावरची. नायक अबकारी निरीक्षक, गोव्यातली स्वस्त दारू चोरून महाराष्ट्रात नेणाऱ्यांना पकडणारा. १९५५ च्या गोवामुक्ती सत्याग्रहातल्या हुतात्म्यांचं स्मारक तिथे आहे. ड्यूटीवर जाताना तो तिथे हात जोडतो.

पहिल्या खर्ड्यात तस्कर त्याच्या बायकोला मारतात. कथेला वेग झकास आला. धाकट्या बहिणीने वाचून विचारलं, "दादा, हिला मारायलाच आणली होतीस ना?" बायकोला दोनच प्रसंग होते, त्यातल्या एकात ती चहा देत होती. मी तिला नोकरी दिली, नवऱ्याशी कडाक्याचं भांडण दिलं, तरी खटकायचं ते खटकतच राहिलं. ती मेली की निर्णय नायकाचा उरतच नव्हता, तो दुःखच घेऊन टाकत होतं. वाचक त्याला तिथल्या तिथे माफ करून मोकळा. मग मोडलं काय?

महाभारतात पाहा. धर्मराजाचा रथ जमिनीपासून चार बोटं वर चालायचा. तेराव्या दिवशी अभिमन्यू पडला तेव्हा तो खाली आला नाही. पंधराव्या दिवशी 'नरो वा कुंजरो वा' झालं, तेव्हा टेकला.

दुसऱ्या खर्ड्यात गोव्यातल्या बांबोळीच्या इस्पितळातून आजारी म्हातारीला घेऊन सीमेपलीकडे बांद्याला परतणारी व्हॅन येते. तो न तपासता सोडतो. कुणीही सोडली असती. सीटखाली खोकी होती हे त्याला आठ दिवसांनी कळतं आणि तो गप्प बसतो. मग त्याच ड्रायव्हरची दुसरी गाडी येते. ती सोडल्यावर नोंदवहीत ३.१० च्या जागी तो २.४० लिहितो, कारण २.४० ला नाक्यावर शिपाई एकटाच होता. पेनाचं टोपण काढण्यापासून शाई वाळेपर्यंतचा तो प्रसंग दीड पान चालला. गोळी एकही सुटली नाही.

दिवाळी अंकाच्या आठ-दहा पानांत मात्र घावच बरा पडेल, पायऱ्यांना तेवढी जागा मिळत नाही. कादंबरीतही पायऱ्या वाढल्या की मधला भाग रेंगाळतो. माझ्या हाताला तीन पुरल्या, चौथी काढून टाकावी लागली. प्रत्येकाचा हात वेगळा, तुम्हाला पाच लागतील. प्रत्येक पायरीची किंमत त्याच प्रकरणात कुणाला तरी मोजायला लावा, म्हणजे वेग टिकतो. माझ्या कथेत शिपाई निलंबित होतो.

बहिणीने हा खर्डा रात्री जागून संपवला. नायकाबद्दल ती काहीच बोलली नाही. म्हणाली, "त्या शिपायाचं पुढे काय झालं रे?"